व्होल्ट थोडा, करंट दांडगा : कारागिराच्या हातचा तापवणीचा ट्रान्सफॉर्मर

आमचा धंदा कापडाचा. सुती, पॉलिस्टर आणि गेली काही वर्षे बॅगा शिवणाऱ्यांसाठी नायलॉनचे पट्टे. तेव्हा धातू तापवण्याच्या यंत्रावर कापडवाल्याने लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण या यंत्राशी माझी गाठ कापडामुळेच पडली.

नायलॉनचा पट्टा कात्रीने कापला की टोकाला दशा निघतात आणि दोन दिवसांत पट्टा उसवत जातो. म्हणून तो गरम पात्याने कापावा लागतो. पाते कापता कापताच टोक वितळवून बंद करते. असे एक तयार कटर मी घेतले होते. ते सहा महिन्यांत जळाले. विकणाऱ्याने सांगितले, आतला भाग मिळत नाही, नवीनच घ्या. इकडे बॅगवाल्यांची ऑर्डर अंगावर होती. मी ते कटर पिशवीत घालून पॉवरलूम दुरुस्तीच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या वयस्क उस्तादांनी पेटी उघडली, काळे पडलेले वाइंडिंग पाहिले आणि म्हणाले, "यात आहेच काय? एक ट्रान्सफॉर्मर आणि एक पाते. उद्या संध्याकाळी या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर जाड तांब्याच्या पट्टीचे मोजून दोन फेरे घालून कटर माझ्या हातात दिले. मीटर लावून दाखवला. व्होल्ट दोनाच्याही आत! टॉर्चचे दोन सेल यापेक्षा जास्त देतात. आणि तेवढ्यावर पाते बघता बघता तापले. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो. जे कळले ते आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या उपयोगी पडावे, आणि त्यातले जे जीवघेणे आहे त्याची खबर वेळेवर मिळावी, म्हणून हा लेख.

दोन व्होल्टमध्ये लोखंड कसे तापते?

शाळेत आम्ही हा धडा उर्दूतून शिकलो. करंटला बर्की रौ, विरोधाला मुजाहमत. शब्द पाठ झाले, मार्कही मिळाले. अर्थ मात्र उस्तादांच्या बाकावर पन्नाशीत कळला.

ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर गुंडाळलेली दोन वेगवेगळी वेटोळी. एकात घरची 230 व्होल्टची वीज जाते, ती प्रायमरी. दुसऱ्यातून आपल्याला हवी तशी वीज निघते, ती सेकंडरी. प्रायमरीला 230 फेरे असतील आणि सेकंडरीला दोनच, तर व्होल्ट निघतील दोन. पण वीज वाया जात नाही. व्होल्ट जितका उतरतो तितका करंट चढतो. भिंतीतल्या प्लगमधून 10 अँपिअर घेतले, तर हिशोबाने पलीकडे हजाराच्या वर अँपिअर मिळतात. प्रत्यक्षात गाभ्यात आणि तारेत काही भाग जातो, पण पाच-सातशे अँपिअर सहज हाती लागतात. आपल्या घरातला पंखा अर्ध्या अँपिअरच्याही आत चालतो, यावरून अंदाज करावा.

उष्णता करंटवर अवलंबून असते, तीही दुपटीने नव्हे, वर्गाने. करंट दुप्पट केला तर उष्णता चौपट होते, तिप्पट केला तर नऊपट. हा नियम इंग्लंडच्या जेम्स जूल यांनी 1841 मध्ये मांडला. त्याआधी दहा वर्षे, 1831 मध्ये, मायकेल फॅरेडे यांनी लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून एकातली वीज दुसऱ्यात उमटते हे दाखवले होते. बुडापेस्टच्या तीन इंजिनिअरांनी 1885 मध्ये बंद गाभ्याचा, कामाला टिकणारा ट्रान्सफॉर्मर बनवला. आणि 1886 मध्ये अमेरिकेत एलिहू थॉमसन यांनी याच रीतीने दोन धातू तापवून, दाबून जोडण्याचे पेटंट घेतले. आजचे स्पॉट वेल्डिंग त्याच खानदानातले.

म्हणजे उस्तादांनी माझ्यासाठी केलेली वस्तू काही जुगाड नव्हती. तो सव्वाशे वर्षांहून जुना, पक्का हुन्नर आहे. रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे असते ती पिस्तुलासारखी सोल्डरिंग गनही हेच यंत्र. खटका दाबला की काही सेकंदांत टोक तापते, कारण टोकाची तांब्याची तार हाच सेकंडरीचा भाग असतो.

कोणकोणत्या कामाला येतो?

माझे काम पात्याचे. पॉलिप्रॉपिलीन साधारण 165 अंशांवर वितळते, नायलॉन जातीप्रमाणे 220 ते 260 वर, पॉलिस्टर 255 च्या आसपास. पाते त्याहून बरेच गरम ठेवावे लागते, नाहीतर कापड पात्याला चिकटते. सुती कापडाला मात्र हे यंत्र लावू नये. सूत वितळत नाही, जळते. मिश्र धाग्याच्या मालाची आधी चिंधीवर परीक्षा करावी.

पॉवरलूमच्या वर्कशॉपमध्ये याचा मोठा उपयोग स्प्रिंगला होतो. मागाच्या स्प्रिंगचा आकडा तुटला तर भट्टीत घालून नवा वाकवता येतो, पण भट्टी निम्मी स्प्रिंग तापवते आणि तिचा दम निघून जातो. ट्रान्सफॉर्मरच्या दोन चिमट्यांमध्ये फक्त शेवटचा एक-दीड इंच धरला, तर तेवढाच लाल होतो. बाकीच्या स्प्रिंगचे पाणी शाबूत राहते.

छिन्नी, पंच, लहान पाती यांना पाणी देतानाही हीच सोय. साधे कार्बनचे पोलाद 770 अंशांच्या सुमारास चुंबकाला धरायचे थांबते. त्याहून थोडे वर नेऊन तेलात किंवा पाण्यात बुडवले की कडक होते. मग घासून पांढरे करायचे आणि पुन्हा हलके तापवायचे. गवती पिवळा रंग आला की सुमारे 230 अंश, निळा आला की 300 च्या जवळ. धारेच्या हत्याराला पिवळा, स्प्रिंगला निळा. भट्टीत हा रंग येऊन कधी निघून जातो ते कळत नाही. इथे पायाखालचा स्विच सोडला की तापवणे त्याच क्षणी थांबते.

लाकडाच्या वखारीवाले बँडसॉचे पाते याच रीतीने जोडतात. दोन टोके समोरासमोर दाबून करंट सोडतात. टोके चिकटतात, पण जोड काचेसारखा ठिसूळ होतो. म्हणून तोच जोड पुन्हा मंद लाल करून सावकाश थंड होऊ द्यावा लागतो. पाते जोडायला दिले आणि दुसऱ्याच दिवशी जोडावर तुटले, तर बहुधा हे दुसरे तापवणे कारागिराने चुकवलेले असते.

आणखी एक काम फार सुबक आहे. बेअरिंग शाफ्टवर चढवण्यासाठी हातोडा मारणे चांगले नव्हे. जुने लोक तेलात तापवीत. आता बेअरिंगलाच ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात ओवतात. बेअरिंगचे कडे हाच सेकंडरीचा एकुलता एक फेरा बनते आणि आपोआप तापते. शंभर-एकशे दहा अंशांवर ते शाफ्टवर हाताने सरकते. एकशे वीसच्या पुढे मात्र नेऊ नये, त्याचे पोलाद मऊ पडू लागते. काम झाल्यावर त्यातले चुंबकत्व काढावे लागते, नाहीतर लोखंडाचा बारीक कीस आत ओढला जाऊन बेअरिंग खाऊन टाकतो.

खरी मेख तारेत आणि सांध्यात

नवशिके कारागीर फसतात ते इथे. ट्रान्सफॉर्मर चांगला, फेरे बरोबर, तरी लोखंड कोमट आणि केबल मात्र हात लावता येणार नाही इतकी गरम. असे का होते? उस्तादांनी मला कागदावर हिशोब करून दाखवला तोच देतो.

दहा मिलिमीटर जाडीची, पाच सेंटिमीटर लांबीची लोखंडी कांडी घेतली, तर थंड असताना तिचा विरोध एका ओहमचा दहा हजारावा भाग, म्हणजे 0.1 मिलिओहमच्या आसपास. आता ट्रान्सफॉर्मरपासून चिमट्यापर्यंत 50 चौरस मिलिमीटरची चांगली जाड वेल्डिंग केबल लावली. तिच्या एक मीटर लांबीचा विरोध होतो 0.34 मिलिओहम. म्हणजे कांडीच्या तिपटीहून जास्त! मग उष्णता कुठे पडणार? एक हजार अँपिअर सोडले तर केबलमध्ये साडेतीनशे वॅट जळतात आणि कांडीला शंभरही मिळत नाहीत. बिल आपण भरतो आणि तापते केबल.

म्हणून या यंत्राचा पहिला कायदा असा की सेकंडरीची तार जाड असावी, त्याहीपेक्षा आखूड असावी. हातभर लांब केबलपेक्षा गाभ्याला लागूनच तांब्याच्या पट्टीचे चिमटे बसवावेत आणि नगच यंत्राजवळ आणावा.

दुसरा कायदा सांध्याचा. गंज, रंग, तेलकट हात किंवा ढिला नट एवढ्यानेही केबलइतकाच विरोध उभा राहतो. थिंबल नीट दाबलेले हवे, बोल्ट घट्ट हवा, चिमट्याची तोंडे रोज घासून चकचकीत ठेवावीत. ज्या सांध्यातून ठिणगी उडते तो सांधा आपले पैसे खात आहे असे समजावे.

तिसरी गोष्ट, बारीक नग सोपा, जाड नग अवघड. तीच पाच सेंटिमीटरची कांडी दहाऐवजी पाच मिलिमीटर जाडीची घेतली, तर विरोध चौपट आणि वजन पाव, आठ ग्रॅमच्याही आत. ती दहाएक सेकंदांत लाल होते. शिवाय लोखंड जसे तापते तसा त्याचा विरोध वाढत जातो आणि लाल होईपर्यंत कितीतरी पट होतो. म्हणून सुरुवातीला काहीच घडत नाही असे वाटते आणि मग एकदम रंग चढतो. कारागिराने पहिल्या दोन-तीन सेकंदांत कंटाळून चिमटा हलवू नये.

तांबे मात्र या यंत्राने तापत नाही असेच धरून चालावे. साध्या लोखंडाचा विरोध तांब्याच्या आठ-नऊ पट आहे. तांब्याची चिमटी थंड राहते आणि लोखंडी नग लाल होतो तो याच फरकामुळे. तांब्याचे भांडे झाळायचे असेल तर गॅसच बरा.

खर्चाचा हिशोब

दोन किलोवॅट घेणारे यंत्र एका नगाला दहा सेकंद चालले, तर 180 नगांना एक युनिट वीज लागते. आपल्या बिलावरच्या दराने गुणून पाहावे. कोळशाची भट्टी एका नगासाठी पेटवली तरी तासभर कोळसा खाते, हे प्रत्येक लोहार जाणतो. दिवसाला दोनशे सारखे नग असतील तर भट्टीही परवडते. पण तुटकफुटक दुरुस्तीत, जिथे दर तासाला एखादा आकडा वाकवायचा असतो, तिथे या यंत्राला तोड नाही.

मात्र यंत्र रिकामे चालू ठेवू नये. काम नसतानाही गाभा तापत राहतो, विशेषतः भंगारातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा. तो मुळातच कसून बनवलेला असतो आणि पंख्याच्या वाऱ्यावर चालायचा असतो. म्हणून स्विच पायाचा, दाबला तरच चालू, आणि तो नेहमी प्रायमरीच्या बाजूला. सेकंडरीच्या बाजूला हजार अँपिअर तोडणारा स्विच कारागिराला परवडत नाही. साधा स्विच तिथे चिकटून बसतो किंवा वितळतो.

आणि दोन व्होल्टचा आकडा ऐकून कोणी घरच्या पाच अँपिअरच्या प्लगला हे यंत्र लावू नये. प्लगमधून दहा अँपिअर ओढले जातात, चालू करताना क्षणभर त्याहून पुष्कळ जास्त. स्वतंत्र वायर, तिच्या मापाची एमसीबी, पक्के अर्थिंग, आणि हे सगळे परवानाधारक वायरमनच्या हातून. जुन्या इमारतीच्या लाकडी जिन्याखाली बोटभर जाडीचे धूळकट वायरिंग आणि शेजारी कापडाचे गठ्ठे, अशा जागा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तिथे हे यंत्र बसवणे म्हणजे स्वतःच्या हाताने गोदामाला काडी लावणे.

जिथे माणूस मरतो

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

मागे मी उस्तादांकडे बसलो असताना त्यांचा एक शागीर्द, एकोणीस-वीस वर्षांचा हुशार मुलगा, भंगारातून मायक्रोवेव्ह ओव्हन घेऊन आला. मोबाइलवर त्याने पाहिले होते की यातल्या ट्रान्सफॉर्मरपासून तापवणीचे यंत्र होते. बघितलेले खरेच होते. पण त्याने ओव्हन उघडला, प्लग लावला आणि वीज येते का ते पाहण्यासाठी दोन तारा पक्कडीत धरल्या. उस्तादांनी आधी भिंतीवरचा स्विच पाडला, मग त्याच्या हातातून पक्कड काढून घेतली. इतका चढलेला त्यांचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

त्या ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरचे मूळ सेकंडरी बारीक तारेचे आणि हजारो फेऱ्यांचे असते. ते व्होल्ट उतरवत नाही, चढवते. सुमारे दोन हजार व्होल्ट, आणि तेही माणसाला ठार करण्याइतक्या करंटसह. घरातल्या 230 व्होल्टचा झटका बसून वाचलेले लोक आपल्यात पुष्कळ आहेत. या दोन हजाराच्या झटक्यातून वाचलेला सहसा भेटत नाही. भिंतीवरची झटका-सुरक्षा, ज्याला आपण ईएलसीबी म्हणतो, तीही इथे कामी येत नाही, कारण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या करंटची तिला खबरच लागत नाही.

शिवाय आतला कपॅसिटर. ओव्हनचा प्लग काढून ठेवल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते. उघडणाऱ्याचा हात लागला की तीच वीज अंगातून जाते. आणि ज्या भागातून मायक्रोवेव्ह निघतात त्या मॅग्नेट्रॉनच्या पांढऱ्या किंवा गुलाबी चिनीमातीत काही वेळा बेरिलियम ऑक्साइड असते. ते फुटून त्याची धूळ छातीत गेली तर फुप्फुसाचा बरा न होणारा आजार लागू शकतो. तांब्याच्या लोभाने हातोड्याने मॅग्नेट्रॉन फोडणाऱ्या भंगारवाल्या भावांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

परदेशात लाकडावर विजेच्या फांद्यांसारखी नक्षी जाळण्यासाठी लोकांनी हाच मूळ ट्रान्सफॉर्मर, सेकंडरी न काढता, वापरला. अनेक जण त्यात दगावले, त्यांत शिकलेसवरलेले, सावध लोकही होते. अमेरिकेतल्या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेने 2017 मध्ये आपल्या कार्यक्रमांत हे काम करून दाखवण्यावर बंदी घातली. तीच नक्षी आपल्याकडचे तरुण मोबाइलवर पाहतात. कोणी करू लागला तर त्याला हात धरून थांबवावे.

मग भंगारातला ट्रान्सफॉर्मर वापरूच नये काय? उस्ताद वापरतात, पण त्यांची रीत ठरलेली आहे. ओव्हन किंवा त्याचा कपॅसिटर स्वतः उघडत नाहीत, ओव्हन दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून सुटा काढलेला ट्रान्सफॉर्मर घेतात. बारीक तारेचे सेकंडरी करवतीने पूर्ण कापून काढल्याशिवाय त्याला वीज लावत नाहीत. कापताना प्रायमरीच्या तारेला ओरखडा गेला तर तो गाभा सरळ भंगारात. नवीन जाड सेकंडरी घालण्याआधी मध्ये उष्णता सोसणारा इन्सुलेशनचा कागद. गाभ्याला अर्थिंग आणि सेकंडरीच्या एका टोकालाही अर्थिंग, म्हणजे आतले इन्सुलेशन कधी फाटले तर 230 व्होल्ट नगावर न येता एमसीबी पडेल. आणि पहिली चाचणी करताना दुसरा माणूस स्विचजवळ उभा. अलीकडच्या इन्व्हर्टर जातीच्या ओव्हनमध्ये हा जड ट्रान्सफॉर्मर नसतोच, तेव्हा ते विकत घेऊन फसू नये.

आणखी दोन गैरसमज. काही जण व्होल्ट कमी करण्यासाठी डिमरस्टॅट, म्हणजे फिरवण्याचा ऑटोट्रान्सफॉर्मर, थेट नगाला जोडतात. मीटर पाच व्होल्ट दाखवतो, पण त्यात वेगळे सेकंडरी नसते. नग भिंतीतल्या विजेशी जोडलेलाच राहतो. तारा उलटसुलट झाल्या तर पाच व्होल्ट दाखवणाऱ्या नगावर जमिनीच्या तुलनेत पूर्ण 230 असतात. दुसरे, साध्या वेल्डिंग मशीनची दोन टोके लोखंडाला चिकटवून तापवणे. त्या मशीनचा मोकळा व्होल्ट पन्नास ते ऐंशी असतो, घामेजलेल्या हाताला तो धोक्याचा आहे. आणि तसे दाबून धरल्याने मशीन जळते.

अंगठी, धूर आणि पाणी

दोन व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे. म्हणून लोक बेफिकीर होतात. मीही झालो. उस्तादांच्या बाकावर यंत्र चालू असताना मी चिमट्याकडे बोट दाखवायला गेलो आणि माझी चांदीची अंगठी दोन्ही टोकांना एकदम टेकली. झटका अजिबात बसला नाही. पण अंगठी क्षणात इतकी तापली की बोटाभोवती कायमचा वळ उठला. शेकडो अँपिअरचा रस्ता त्या अंगठीतून गेला होता. तेव्हापासून उस्तादांच्या दुकानात दाराशीच वाटी ठेवलेली आहे. अंगठी, घड्याळ, कडे त्यात काढून ठेवायचे आणि मगच बाकाजवळ यायचे. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी या यंत्रापासून लांबच राहावे.

धुराचेही तसेच. जस्त चढवलेला पत्रा किंवा तार तापवली की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की रात्री ताप भरतो आणि अंग मोडून येते. चांदीच्या झाळकामातल्या काही जुन्या झाळांत कॅडमियम असते. त्याचा धूर त्याहून पुष्कळ घातक, तो जीवही घेतो. आमच्या कापडवाल्यांना सांगायचे तर नायलॉन आणि लोकर जळताना विषारी वायू सुटतो. पात्याने पट्टा वितळला पाहिजे, जळता कामा नये. धूर काळा दिसला तर पाते फार गरम आहे. खिडकी उघडी आणि पंखा धूर बाहेर ओढणारा असावा. बुडवण्याचे पाणी बाकावर नको, चार हात लांब जमिनीवर असावे.

बनवावे की विकत घ्यावे?

रोज तेच काम, ठरलेला नग, हाताखाली पगारी मुले, असे ज्यांचे आहे त्यांनी माझ्या मते तयार, पक्क्या पेटीतले यंत्र घ्यावे आणि त्याच्या नावावर बिल घ्यावे. मुलाला काही झाले तर घरचे यंत्र हे मालकाचे उत्तर होऊ शकत नाही. हल्ली इंडक्शनची लहान यंत्रेही मिळतात. त्यांत नग वेटोळ्यात नुसता धरायचा असतो. तोही एका अर्थी ट्रान्सफॉर्मरच, नगच त्याचे सेकंडरी.

पण ज्याचे काम दर वेळी वेगळे, नगाला बसेल असा चिमटा ज्याला स्वतःच घडवावा लागतो, त्या दुरुस्तीवाल्याला घरचा ट्रान्सफॉर्मर पुरतो, आणि ते यंत्र बिघडले तर तोच दुरुस्त करतो. अट एवढीच की बनवणारा वाइंडिंगचा जाणकार असावा, आणि त्याने आपली कला पोटापुरती लपवून न ठेवता हाताखालच्या मुलाला नीट शिकवावी. ती मुले आता शिकतातच, मोबाइलवर. तिथे यंत्र कसे बनते ते दिसते, पण कुठे हात घालू नये ते सांगायला उस्ताद समोर नसतो.

त्या दिवशी ज्याच्या हातातून पक्कड काढून घेतली तो मुलगा आता त्याच वर्कशॉपमध्ये सेकंडरी गुंडाळतो. माझ्या कटरचे दुसरे पाते त्यानेच बसवले. यंत्र माझ्या हाती देण्याआधी त्याने माझ्या बोटाकडे पाहिले आणि म्हणाला, "चाचा, आधी अंगठी वाटीत ठेवा."